नागलक्ष्मी टीचरांचा जिना

सूर्यनारायणराव पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं होते. ओव्हरसीअर म्हणून लागले आणि असिस्टंट इंजिनियर होऊन निवृत्त झाले. तंजावूरच्या आसपासच्या कालव्यांची दारं केव्हा उचलायची आणि केव्हा पाडायची, हे त्यांचं काम. आधी सायकलवर, मग मोपेडवर बांधांवरून हिंडून त्यांची मान कायमची करपली. माणूस सरळ आणि थोडा हट्टी. पाणी चढताना दिसलं की आधी दार पाडायचं आणि मग वरच्या गावांना कळवायचं, अशी त्यांची पद्धत. खात्यात तिचं कौतुक व्हायचं. घरीही त्यांचं तसंच चाले.

त्यांची बायको नागलक्ष्मी हिंदी शिकवायची. तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत बोलणं मराठीत होतं, पण वाचणं-लिहिणं तमिळमध्ये. नागलक्ष्मीला मात्र वडिलांनी हौसेने देवनागरी गिरवायला लावली होती. तेवढ्या भांडवलावर तिने हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि लग्नानंतर घरीच वर्ग सुरू केला. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा परीक्षांना ती मुलांना बसवायची. मेडिकल कॉलेज रस्त्याच्या बाजूच्या त्या वसाहतीत तिला नावाने फारसं कुणी ओळखत नसे. 'हिंदी टीचर' म्हटलं की ऑटोवाला थेट दारात आणून सोडायचा.

घर त्यांनी एक्याण्णव साली बांधलं. नकाशा सूर्यनारायणरावांनी स्वतः काढला होता. कंत्राटदार म्हणाला, जिना बाहेरून घ्या, वरचा मजला भाड्याने देता येईल. त्यांनाही ते पटलं. पण नागलक्ष्मी अडून बसली.

"जिना आंतच पायजे. पोरं वर लिहीत बसतील, मी खालीं येऊन सार उतरीन आणि परत जाईन. भायेर केला तर पावसांत किती वेळां भिजूं?"

लग्नानंतर तिने जिंकलेला हा पहिलाच वाद. नकाशा बदलला. हॉलच्या मधोमध सतरा पायऱ्यांचा जिना उठला, नऊ चढल्यावर एक वळण आणि मग आठ. रोज पाचला दारात लहान चपलांचा ढीग पडायचा आणि पोरं धावत वर जायची. नागलक्ष्मी मागून सावकाश चढायची, डाव्या हातात वही आणि उजवा हात सागवानी कठड्यावर. तीस वर्षं हे चाललं.

विसरणं सुरू झालं ते परीक्षेच्या अर्जांपासून. एका वर्षी तिने दोन मुलींच्या नावांची अदलाबदल केली. पुढच्या वर्षी अर्ज कपाटातच राहिले. आईबाप कुरकुरले, मुलं कमी झाली, मग साथीच्या काळात वर्ग बंद पडला तो पडलाच. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. सूर्यनारायणरावांनी ते कागदावर लिहून घेतलं, जसं काही ते विसरण्यासारखं होतं.

मुलं येत नव्हती, पण पाच वाजले की नागलक्ष्मी उठायची आणि वर जायची. रिकाम्या खोलीत बसून राहायची. ते मागोमाग जायचे, बोलावून खाली आणायचे. एकदा ती वळणावर पडली, मनगट मोडलं. चैत्रातल्या एका दुपारी ती जेवून झोपली म्हणून तेही जरा आडवे झाले. उठून बघतात तर ती गच्चीवर, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी. तळपायांना फोड आले होते आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

मग त्यांनी जिन्याच्या तळाशी लोखंडी फाटक बसवून कुलूप लावलं. ती रोज ते फाटक हलवायची. आधी हळू, मग जोरात, मग रडायची. एक दिवस त्यांनी पाहिलं, ती निऱ्या वर खोचून फाटकावर पाय टाकत होती. अडुसष्ट वर्षांची बाई.

त्या संध्याकाळी त्यांनी अखिलाला फोन केला. अखिला त्यांची एकुलती एक मुलगी, कोइमतुरात नोकरीला.

"अप्पा, तो जिनाच काढून टाका," ती म्हणाली. "नाहीं तरी अम्माला मोठें बाथरूम पायजेच, धरायला दांड्या लावलेलें. जिन्याच्या जाग्यावर तें होईल. वर जायला भायेरून लोखंडी करा, कुलूपवाला."

सूर्यनारायणरावांनी त्याच रात्री जेवणाआधी टेप काढून मापं घेतली. नागलक्ष्मी शेजारी खुर्चीत बसून बघत होती. तिने विचारलंसुद्धा, "काय मोजतां?"

"कांहीं नाहीं," ते म्हणाले.

काम कृष्णस्वामी मेस्त्रीला दिलं. पन्नाशीचा, वल्लमकडचा माणूस, बोलायला मोजका. त्याने हॉलमध्ये उभं राहून जिना वरपासून खालपर्यंत न्याहाळला, मुठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिला.

"सार, हा चांगला बांधलाय," तो तमिळमध्ये म्हणाला. "तोडायला जीव निघेल. टीचर अम्मांना चालणार आहे ना?"

"त्यांच्यासाठीच तर काढतोय," सूर्यनारायणराव म्हणाले.

धूळ आणि आवाज नको म्हणून नागलक्ष्मीला महिन्याभरासाठी तिरुवैयारूला तिच्या धाकट्या बहिणीकडे, कनकलताकडे ठेवलं. निघताना ती वहीची पिशवी घेऊन गाडीत बसली. तिला वाटलं, परीक्षेला जायचंय.

मग तोडकाम सुरू झालं. आधी स्लॅबखाली टेकू उभे राहिले. कठडा कापला गेला. वरच्या पायरीपासून फोडत फोडत माणसं खाली आली. खालची उतरती स्लॅब तुकड्यातुकड्याने पाडली, सळया कटरने तोडल्या. हॉलमध्ये सिमेंटचं पांढरं धुकं भरलं आणि छताला एक मोठं चौकोनी भोक राहिलं, त्यातून वरच्या खोलीतला फळा दिसत होता. मग तुळईत भोकं पाडून नव्या सळया बसवल्या, सेंट्रिंग ठोकलं, काँक्रीट ओतलं. वरून तीन आठवडे पाणी बांधून ठेवलं. खाली बाथरूमच्या भिंती उठल्या.

सूर्यनारायणराव सकाळी सातपासून कामावर हजर असायचे. ओळंबा स्वतः धरायचे, सळयांचं अंतर मोजायचे, मेस्त्रीशी वाद घालायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारत होतं, "सार, हे असं करू का?" त्या महिन्यात त्यांना भूक लागायची, शांत झोप लागायची. पुढे त्यांनी हे अखिलाला सांगितलं तेव्हा खाली मान घालून सांगितलं.

महिना आणि आठ दिवसांनी ते नागलक्ष्मीला परत घेऊन आले. हॉल रंगवून स्वच्छ केला होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि ती थांबली. डावीकडे पाहिलं, वर पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून अगदी अदबीने विचारलं,

"इदु यार वीडु?"

हे कोणाचं घर, असं ती तमिळमध्ये विचारत होती. सूर्यनारायणरावांना प्रश्नापेक्षा भाषेनेच जास्त चटका बसला. पंचेचाळीस वर्षांत नागलक्ष्मी त्यांच्याशी तमिळमध्ये एक शब्द बोलली नव्हती. तमिळ बाहेरच्यांशी: भाजीवाल्याशी, मोलकरणीशी, मुलांच्या आईबापांशी. घरात मराठी.

"आपलेंच घर, नागू," ते म्हणाले. "बस. कॉफी करतों."

ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर धरून, पाहुणी बसते तशी. कॉफी घेतली, आभार मानले. आणि पाचला दहा मिनिटं असताना उठून म्हणाली, मला घरी जायला हवं, मुलं येतील.

त्यांनी समजावलं. ती ऐकून घेऊन उठली आणि हॉलच्या मधोमध गेली. जिथे पहिली पायरी होती तिथे तिने उजवा पाय उचलला, हात कठड्याच्या उंचीवर नेला. पाय बाथरूमच्या भिंतीवर आपटला. अंगठ्याचं नख उलटलं. ती भिंतीकडे बघत राहिली आणि पुन्हा पाय उचलला.

सूर्यनारायणरावांनी नकाशे वाचण्यात आयुष्य घालवलं होतं. पण आपल्या बायकोच्या डोक्यात घराचा जो नकाशा आहे, तो सगळा त्या जिन्यावर टेकलेला असेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकघर म्हणजे जिन्याच्या डावीकडे. संडास म्हणजे जिन्यामागे. देवाचा कोनाडा म्हणजे जिना उजव्या हाताला ठेवून चार पावलं. जिना गेला आणि तिला काहीच सापडेना. जे बाथरूम तिच्यासाठी बांधलं होतं, त्याचं दार तिच्या डोळ्यांसमोर असूनही तिला दिसत नसे. साडी ओली व्हायला लागली. ती ओली साडी ती पलंगाखाली लपवायची.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आजारच पुढे सरकलाय, जिन्याचा दोष धरू नका. महिनाभर परक्या घरी राहिल्याने पण होतं असं. अखिला फोनवर रडली, "मीच सांगितलें अप्पा." ते म्हणाले, "तूं सांगितलें. मी केलें." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा तोल सुटला. त्या दिवशी साडेचारपासून नागलक्ष्मी भिंतीला हात लावून फिरत होती आणि जिना कुठे गेला म्हणून विचारत होती, विसाव्यांदा, पंचविसाव्यांदा. ते ओरडले, "जिना नाहीं! मोडला! मीं मोडला, कळलें?"

ती दचकून मागे सरली आणि तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, ओट्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. बाहेर आले तर हॉल रिकामा, रस्त्याकडचं फाटक उघडं.

मोपेड काढली. बसस्टॉपवर पाहिलं, गणपतीच्या पिल्लैयार कोविलात पाहिलं, फुलवालीला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. ऊन उतरत आलं. मुख्य रस्त्यावर टाउन बस एकामागे एक जात होत्या आणि प्रत्येक बसच्या खिडकीत ते डोकावून बघत होते. पाऊण तासाने खिशातला फोन वाजला.

"अंकल, मी हरिप्रिया. टीचर माझ्याकडे आहेत. काळजी करू नका, सावकाश या."

हरिप्रिया मागच्या गल्लीत राहायची. लहानपणी नागलक्ष्मीकडेच हिंदी शिकलेली, आता बँकेत होती. तिचं घर त्याच कंत्राटदाराने बांधलेलं. सूर्यनारायणरावांचा नकाशा त्याला इतका आवडला होता की त्याने त्याच मापाची आणखी दोन घरं वसाहतीत उठवली होती, आणि त्यांतलं एक हरिप्रियाच्या वडिलांनी घेतलं होतं. आत शिरल्यावर हॉलच्या मधोमध जिना, नऊ पायऱ्या, वळण आणि आठ पायऱ्या.

"मी कामावरून आले तर दारात यांच्या चपला," हरिप्रिया खालीच सांगू लागली. "सरळ वर गेल्या होत्या. माझी मुलगी लिहीत बसली होती, तिची वही मागून घेतली. मी अडवलं नाही."

ते वर गेले. खोलीत नागलक्ष्मी सतरंजीवर ताठ बसली होती. हरिप्रियाची दहा वर्षांची मुलगी समोर. ती इंग्रजीची वही होती, पण नागलक्ष्मी लाल पेन्सिलीने तिच्यावर बरोबरच्या खुणा करत होती, प्रत्येक ओळीला एक. चेहरा शांत होता. गेल्या तीन आठवड्यांत तो तसा दिसला नव्हता.

तिने मान वर करून त्यांना पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "मेस्त्री, मुलं बसली आहेत. नंतर या."

दुसऱ्या दिवशी ते कृष्णस्वामीला शोधत वल्लमच्या रस्त्यावर एका कामावर गेले. जिना परत बांधता येईल का, असं सरळच विचारलं.

कृष्णस्वामीने हातातली थापी खाली ठेवली. "बांधता येईल, सार. नवी स्लॅब पुन्हा फोडायची, बाथरूम काढायचं. तीन महिने तरी जातील." मग म्हणाला, "पण पायरी एक इंच वर-खाली झाली तरी पायाला कळतं. त्यांना तो आपला वाटेल का? आणि एवढे दिवस अम्मांना कुठे ठेवाल?"

सूर्यनारायणराव चहा पिऊन परत आले.

मार्ग हरिप्रियानेच काढला. "रोज पाचला घेऊन या," ती म्हणाली. "मी घरी नसले तर माझी आई असते. माझी मुलगी आणि शेजारची दोघं मिळून तीन मुलं बसतील. हिंदी नाही तर नाही, शाळेचा अभ्यास करतील."

मग तो नेम झाला. पावणेपाचला ते नागलक्ष्मीचे केस विंचरून द्यायचे, पिशवी खांद्याला अडकवायचे आणि दोघं मागच्या गल्लीत जायची. हरिप्रियाच्या जिन्यावर ती पुढे आणि ते एक पायरी मागे, हात तिच्या पाठीपासून चार बोटं दूर. पडू नये म्हणून ज्यांनी जिना तोडला, ते आता रोज तिला जिना चढवत होते. वर ती तासभर बसायची. कधी फळ्यावर एखादं अक्षर काढायची, क किंवा म, आणि मुलं मोठ्याने म्हणायची. ते दारात स्टुलावर बसून राहायचे. तिला वाटायचं, मेस्त्री काहीतरी दुरुस्तीला आलाय.

घरीही ती त्यांना मेस्त्रीच म्हणायची, आणि रोज विचारायची, पायऱ्या केव्हा होतील. सुरुवातीला ते मराठीत सांगायचे, अगं मी आहे. त्याने ती गोंधळायची, घाबरायची. मग एक दिवस त्यांनी तमिळमध्येच सांगून टाकलं, "वाळू यायची आहे, अम्मा. आली की सुरू करतो." "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तिने मान हलवली आणि ती निवांत झाली. त्या दिवसापासून घरात तमिळ सुरू झालं. ते तिला अम्मा म्हणू लागले, अहो-जाहो करू लागले.

श्रावणात एकदा ते तिच्यासमोर ताट ठेवत होते. ती म्हणाली, "मेस्त्री, तुम्ही जेवलात का?"

"नंतर जेवतो, अम्मा."

"आमच्या घरातले कालव्यांच्या खात्यात आहेत. कल्लणैच्या बंधाऱ्यावर गेलेत, संध्याकाळी येतील." ती जरा पुढे झुकली. "ते आले की त्यांना काही विचारू नका. काय विचारायचं ते मला विचारा. माणूस चांगला आहे. पण कोणाला न विचारता करून टाकतो. मग मागून सांगतो."

सूर्यनारायणराव पळी हातात धरून उभे राहिले.

"तुम्हांला राग येतो का त्यांचा?" त्यांनी विचारलं.

तिने विचार केला. "सवय झाली," ती म्हणाली आणि भात कालवू लागली.

ते शेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, जिना कसा हवा तुम्हांला? ती बराच वेळ बोलली. पायऱ्या बुटक्या हव्यात, लहान मुलं असतात. कठडा मुलांच्या हाताला लागेल असा हवा. मधे पुष्कळदा वाक्य तुटायचं आणि ती दुसरीकडेच जायची. ते हुंकार देत ऐकत राहिले.

आश्विनापर्यंत हरिप्रियाकडचा वर्ग चालला. मग एके दिवशी ती चौथ्या पायरीवर थांबली. पुढे काय करायचं ते तिला आठवेना. एक पाय उचलून तशीच उभी राहिली आणि थरथरू लागली. हरिप्रिया वरून आली, दोघांनी धरून तिला हळूहळू खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी पाचला ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी केस विंचरले, पिशवी दाखवली. तिने पिशवीकडे बघून नजर फिरवली.

आता ती बहुतेक पलंगावरच असते. अखिलाने घरून काम करायची परवानगी काढली आहे, तीन महिन्यांसाठी तंजावुरात येऊन राहिली आहे. दांड्या लावलेलं बाथरूम आता खरंच उपयोगी पडतं. दोघं मिळून नागलक्ष्मीला तिथे नेतात. कृष्णस्वामी एकदा येऊन बघून गेला. केळी घेऊन आला होता.

परवा सूर्यनारायणरावांनी अखिलाला ती मेस्त्रीची गोष्ट सांगितली. तिच्या आईने नवऱ्याबद्दल काय म्हटलं तेही सांगितलं, काही न गाळता.

अखिला म्हणाली, "अप्पा, तुम्हीं तें तिच्या भल्यासाठींच केलें."

"हो," ते म्हणाले. "भल्यासाठींच केलें. तिला विचारलें असतें तर ती नको म्हणाली असती, आणि तरीही कदाचित मीं जिना काढलाच असता. पण विचारायला पायजे होतें. तेव्हां तिला अजून सांगतां येत होतें."

आतून हाक आल्यासारखं वाटलं म्हणून ते उठून गेले. नागलक्ष्मी जागी होती. अखिलाने भात मऊ करून आणला, त्यांनी त्यात सार घालून कालवला. चार घास तिने घेतले. पाचव्याला तोंड मिटलं. ते वाटी धरून थांबले आणि विचारलं, "पुरे?"

तिने मान हलवली.

"सरी," ते म्हणाले, आणि वाटी खाली ठेवली.